बारा मिनिटांची युक्ती

खिडकीची घंटा वाजली आणि वाजतच राहिली. ऑपरेशन थिएटरचा मदतनीस सेट न्यायला येतो तेव्हा एकदाच बटण दाबतो. त्या मंगळवारी त्याने बोट उचललंच नाही. माझी पाळी दोनला संपली होती, मी बूट बदलत होते, तरी तशीच एका पायात बूट घालून धावले.

"हा घ्या तुमचा सेट," त्याने निळ्या कापडात गुंडाळलेला ट्रे खिडकीत आदळला. "आत पाणी आहे."

कापडाची घडी उघडीच होती. हाडांच्या ऑपरेशनची हत्यारं ओळीने मांडलेली आणि तळाशी चार-पाच थेंब. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा थेंबांसाठी इतका तमाशा कशाला? पण ओलं कापड जंतूंना आत यायला वाट करून देतं. ओला निघालेला सेट वापरायचा नाही, संपलं. वर मांडीचं हाड मोडलेली एक बाई टेबलावर होती. मागच्या आठवड्यातही तिला असंच टेबलावरून वॉर्डात परत नेलं होतं. आज पुन्हा नेणार होते.

मदतनीस माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्यामागे उभ्या असलेल्या धाकटीकडे बघत होता.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिराची बायको. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचा विभाग आहे. वापरलेली हत्यारं येतात, आम्ही धुतो, सेट लावतो, कापडात बांधतो, वाफेच्या मशीनमध्ये घालतो, बाहेर काढून गार करतो आणि कपाटात ठेवतो. सकाळी सात ते दोन मी, दोन ते नऊ ती. आठ महिन्यांपूर्वी दीर शिडीवरून पडला, पाठीचं हाड गेलं, त्याचं वायरिंगचं काम सुटलं. तेव्हा मीच मोठ्या सिस्टरांच्या मागे लागून हिला इथे चिकटवली. अजून कायम झालेली नाही. आम्ही सगळे एकाच घरात राहतो, पण त्या दोघांचं आणि त्यांच्या मुलीचं आता तिच्याच नोकरीवर चालतं.

आणि कामाला ती कशी? गोगलगाय. हे नाव मीच ठेवलंय, आणि आता सगळा विभाग तिला तेच म्हणतो. एक चिमटा धुवायला घेतला की त्याचा दातन् दात बघणार. मला म्हणतात एक्सप्रेस. दोन महिन्यांपूर्वी भिंतीवर फळा लागला, कुठल्या पाळीत किती सेट गार होऊन कपाटात गेले ते लिहायचा. माझा आकडा चौसष्ट, तिचा अठ्ठेचाळीस. फळ्यासमोरून जाताना मी मुद्दाम सावकाश चालायचे, खोटं कशाला सांगू.

मोठ्या सिस्टर पाच मिनिटांत खाली आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"तीन आठवड्यांत एकोणीस सेट ओले," त्या धाकटीला म्हणाल्या. "सगळे तुझ्या पाळीत. काय होतंय?"

"माहीत नाही, सिस्टर," धाकटी म्हणाली. तिने हातमोजे काढून हात कोरडे आहेत हे दाखवावं तसे समोर धरले होते. कोणी मागितलंही नव्हतं.

"शनिवारी दहा वाजता माझ्या खोलीत ये. तोवर कारण कळलं नाही, तर मला तुला ठेवता येणार नाही. वर सर्जन माझ्या नावाने बोटं मोडतायत." मग माझ्याकडे वळल्या. "तू शोधून काढ. बावीस वर्षं झाली तुला इथे. पुढच्या महिन्यात इन्चार्जची जागा भरायची आहे, तुझंच नाव घातलंय मी. हे तुझं पहिलं काम समज."

"त्यात शोधायचं काय, सिस्टर?" मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही. "ओल्या हातांनी कपाट उघडत असणार."

"पाणी आत होतं की बाहेर?"

"आत."

"मग हात कुठून आले? उत्तर आधी ठरवू नकोस. आधी नुसतं लिहून काढ. कुठला सेट, कुठल्या दिवशी, मशीनच्या कुठल्या फेरीचा. मग बघ." त्या गेल्या. धाकटीने तो ओला ट्रे उचलला आणि पुन्हा धुवायला नेला.

मला राग आला होता. तिचाही आणि सिस्टरांचाही. लिहून काय काढायचं? मी आयुष्यात कधी काही लिहून काढलेलं नाही. माझे हात विचार करतात, डोकं मागून येतं. घरी गेले तेव्हा दीर भिंतीला धरून चालायचा सराव करत होता. त्याला काही सांगितलं नाही.

बुधवारी आणखी एक सेट ओला निघाला. वीस झाले. पाळी संपल्यावर मी नाक मुरडत वही घेतली आणि मशीनचं रजिस्टर उघडलं. प्रत्येक सेटवर तारीख आणि फेरीचा नंबर असतो, सेट परत आला की तो रजिस्टरमध्ये लिहितात, पण कधी कुणी बघत नाही. मी एकेक उतरवायला लागले. तीन नंबर झाले, पाच झाले, आठ झाले आणि माझा हात जरा मंदावला. सगळे सकाळच्या शेवटच्या फेरीचे होते.

ओले सेट सापडत होते दुपारी, कारण दुपारी ते उघडले जात होते. भरले जात होते सकाळी. माझ्या पाळीत. हे इतकं साधं होतं की माझा विश्वास बसेना. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वीसच्या वीस.

माणूस स्वतःला वाचवायला किती चटकन धावतो बघा. मी लगेच म्हटलं, मशीन दुपारपर्यंत थकत असेल, वाफ कमी पडत असेल. मशीनची कागदपट्टी काढून बघितली. वाफ बरोबर, वेळ बरोबर, वाळवण्याची मिनिटं बरोबर. मग म्हटलं, कापडाचा नवा गठ्ठा खराब असेल. पण तेच कापड दुसऱ्या फेऱ्यांनाही होतं. मग मी तारखा बघितल्या. एकाही रविवारी ओला सेट नव्हता. रविवारी माझी सुट्टी असते. रविवारी ऑपरेशनं कमी असतात, मी मनात म्हटलं. आणि मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी? त्या दिवशी मी होते, ऑपरेशनं भरपूर होती, आणि ओला सेट शून्य.

तो गुरुवार मला पक्का आठवत होता. कारण त्या दिवशी माझा फळ्यावरचा आकडा एक्कावन्नवर आला होता आणि मी एसीवाल्याला शिव्या घातल्या होत्या. त्याने दुरुस्तीसाठी दिवसभर एसी बंद ठेवला होता.

मी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले.

आता ही एसीची गोष्ट सांगायलाच हवी. मशीनमधून ट्रॉली निघते तेव्हा सेट इतके गरम असतात की हात लावायचा नसतो. त्यांना कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशा जागी, पाऊण तास गार होऊ द्यायचं. बावीस वर्षं आम्ही तेच केलं. पण शेवटची फेरी निघते एक वाजून वीस मिनिटांनी. पाऊण तास थांबलं की दोन वाजून जातात आणि ते बारा-तेरा सेट धाकटीच्या आकड्यात जातात. माझे धुतलेले, माझे बांधलेले, आणि नाव तिचं. मला ते सहन होईना. महिन्याभरापूर्वी नवा एसी बसला. त्याची थंड वारा सोडणारी जाळी मधल्या वाटेवर आहे. मी ट्रॉली बरोबर जाळीखाली उभी करायला लागले. पाऊण तासाचं काम बारा मिनिटांत. वरून हात लावला तर गार आणि कोरडं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण माझी युक्ती माझ्याकडेच राहावी असं मला वाटत होतं. सेट कपाटात आणि रिकामी ट्रॉली दोनच्या आत जागेवर.

गरम भाताच्या झाकलेल्या डब्याला बाहेरून एकदम गारवा लागला तर आतल्या वाफेचं पाणी होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी मी म्हटलं, खात्री करू. गुरुवारी शेवटच्या फेरीत मी सारखे दोन सेट बांधले. तेच कापड, तितकीच हत्यारं, ट्रॉलीच्या वरच्याच फळीवर शेजारी शेजारी. बाहेर आल्यावर एक जाळीखाली ठेवला. दुसरा आणि बाकीची सगळी ट्रॉली कोपऱ्यात. मग वाट बघितली. वाट बघणं मला जमत नाही. हातांना काय करावं कळेना. मी बिनकामाची टेबलं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. दोन वाजता धाकटीची पाळी सुरू झाली, ती नेहमीसारखी मान खाली घालून आत गेली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. सव्वादोनला मी पाठीमागच्या खोलीत दोन्ही सेट उघडले.

कोपऱ्यातला कोरडा ठणठणीत. जाळीखालच्याच्या तळाशी थेंब.

मी ते थेंब बोटाने पुसून टाकले. पहिलं काम मी हेच केलं, आणि मला त्याची आजही लाज वाटते. मग पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिले आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली. ओला निघालेला प्रत्येक सेट पुन्हा उघडायचा, धुवायचा, बांधायचा, मशीनला लावायचा. चाळीस मिनिटं. आणि परत आलेला सेट फळ्यावर दुसऱ्यांदा मोजायचा नाही. म्हणजे ती गोगलगाय नव्हतीच. ती माझी घाई निस्तरत होती.

शुक्रवारी धाकटीची सुट्टी, या तीन आठवड्यांतली पहिलीच. दुपारी बदलीची बाई होती. मी सगळ्या ट्रॉल्या कोपऱ्यातच ठेवल्या, आकडा त्रेपन्न. पाळी संपल्यावरही मी साडेतीनपर्यंत तिथेच रेंगाळले. खिडकीत घंटा वाजली, एकदाच.

"आज एकही परत नाही," मदतनीस खूश होऊन म्हणाला. "बघा, ती नाही तर ओल नाही. सरळ हिशेब आहे. उद्या काय ते होऊन जाऊ द्या, म्हणजे सगळ्यांचीच सुटका."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. पण त्याने माझ्यापुढे दार उघडून ठेवलं होतं. उद्या धाकटी गेली आणि मी जाळीखाली ट्रॉली ठेवणं बंद केलं, की ओल कायमची जाणार. सगळे म्हणणार, तिचंच होतं. मी इन्चार्ज होणार. कोणाला खोटंही सांगावं लागणार नाही. नुसतं मूग गिळून बसायचं.

घरी गेले तर धाकटीने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून ओट्यावर मांडले होते आणि एकेक घासत होती. कारण नसताना. तिच्या मुलीची शाळेची वही खिडकीत पडली होती. दीर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होता.

"वहिनी," तो मला हळूच म्हणाला, "ती झोपेत बडबडते हो. मी हात पुसले होते, मी हात पुसले होते. तिला काढणार का?"

"मला काय माहीत," मी तुटकपणे म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते आलं की मी चिडते, ही माझी जुनी खोड.

आत गेले. धाकटीने मान वर केली नाही. "ताई, उद्या तुम्ही असाल ना खोलीत?"

"असेन."

"मग बरं," ती म्हणाली आणि पुढचा डबा घेतला.

त्या दोन शब्दांनी मला जेवण गेलं नाही. तिला वाटत होतं, मी तिची बाजू घेईन. मोठी जाऊ आहे, हिनेच नोकरी लावली, ही सांभाळून घेईल. माझ्या मनात काय शिजत होतं हे तिला कळलं असतं तर तिने तो डबा माझ्या डोक्यात घातला असता, आणि योग्यच केलं असतं.

शनिवारी दहा वाजता आम्ही दोघी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत उभ्या होतो. टेबलावर एक पाकीट होतं, वर धाकटीचं नाव टाइप केलेलं. काचेच्या दारापलीकडे लोक ये-जा करत होते. धाकटीने आपले दोन्ही हात पोटाशी धरले होते.

"काय सापडलं?" सिस्टरांनी मला विचारलं.

मी वही पुढे केली. सिस्टर वाचायला लागल्या. त्यांनी पान उलटलं. शेवटच्या पानावर मी काहीच लिहिलेलं नव्हतं. ते मी रात्री लिहिणार होते आणि लिहिलं नव्हतं.

"सगळे सकाळच्या शेवटच्या फेरीचे," सिस्टर म्हणाल्या. "का?"

अजूनही म्हणता आलं असतं, कळत नाही, मशीनवाल्याला बोलवू. पाकिटाचा कोपरा धाकटीच्या बाजूला होता. तिचे हात पुढे आले आणि पुन्हा मागे गेले, मागावं की थांबावं हे न कळल्यासारखे. ते बघून मला राहवेना.

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. फळा, जाळी, बारा मिनिटं. गुरुवारचे दोन सेट. थेंब पुसले तेही सांगितलं. शुक्रवारी खिडकीत गप्प राहिले तेही. मी आयुष्यात इतकी सावकाश कधी बोलले नसेन.

"मांडी मोडलेली ती बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "दोनदा टेबलावरून परत गेली."

"हो."

"वर जाऊन तिला तू स्वतः सांगशील. आजच. आणि इन्चार्जचं आता विसर."

"हो, सिस्टर."

त्यांनी पाकीट उचललं, दोनदा फाडलं आणि खालच्या टोपलीत टाकलं. "तुझी नोकरी आहे," त्या धाकटीला म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात कायम करण्याचा कागद वर पाठवते. आणि तो फळा आज काढून टाका, मीच लावायला नको होता."

धाकटी रडली नाही. तिने नुसते पोटाशी धरलेले हात सोडले. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल, काहीतरी बोलेल. निदान एक शिवी तरी द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. ती सिस्टरांकडेच बघत होती.

सिस्टरांनी चष्मा काढला. "एक सांग. तू रोज दीडच्या आधीच येऊन बसतेस. ट्रॉली जाळीखाली उभी असायची. तुला कधी दिसली नाही?"

"दिसायची."

"मग काय होतंय ते तुला कळलं होतं?"

"दुसऱ्या आठवड्यातच," धाकटी म्हणाली.

माझे कान तापले. "आणि गप्प बसलीस?" मी मध्येच म्हणाले. "वीस सेट परत येईपर्यंत? तुझी नोकरी जाईपर्यंत? मला येऊन सांगायला काय झालं होतं तुला?"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"सांगायला आले होते, ताई. तीनदा. एकदा कपाटापाशी, एकदा घरी तुम्ही कपडे वाळत घालत होता तेव्हा, आणि या सोमवारी बुटांच्या फळीजवळ."

मी आठवायचा प्रयत्न केला. कपाट आठवलं, कपडे आठवले, बूट आठवले. ती कुठेच आठवेना.

"मग मी काय म्हणाले?"

"तिन्ही वेळा एकच. पटकन बोल, मला वेळ नाही." ती थांबली, शब्द जुळवले आणि मगच पुढचं बोलली. "मला पटकन बोलता येत नाही, ताई."